बरंय साहेब

आमच्या साहेबांना वरून कोणी फोनवर झापायला लागलं, की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे. केबिन काचेची, त्यामुळे आम्हाला सगळं दिसायचं. एका हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली, चेहरा हसरा आणि तोंडात एकच शब्द. "बरंय साहेब. बरंय. हो हो, बरंय." म्हणून शेखसाहेबांचं नाव पडलं बरंय साहेब. मीच पाडलं म्हणा ना! नावं ठेवायला पुण्यात कोणाला शिकवावं लागत नाही.

आमची बँकेची शाखा वारज्यात. साहेब राहायचे मंडईच्या मागे, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. भावांचं बांगड्यांचं दुकान. घरात नोकरी करणारे हे पहिलेच. मराठी इतकं स्वच्छ की एखादा नवा खातेदार केबिनच्या दारावरची पाटी पुन्हा वाचायचा. "अहो, तुमचं मराठी किती छान आहे हो!" असं कोणी कौतुकाने म्हटलं की साहेब शांतपणे विचारायचे, "तुमचंही बरं आहे. आपण पुण्यात कधी आलात?"

'बरंय' हा शब्द तसा लबाडच. सांगितलेलं काम करतो, म्हणजे बरंय. तब्येत ठीक आहे, म्हणजे बरंय. आणि पुरे झाल्या गप्पा, निघतो आता, म्हणजेही बरंय. साहेब तिन्ही ठिकाणी तोच वापरायचे, एकाच सुरात. ज्याला जो अर्थ सोयीचा, तो त्याने घ्यावा.

वरचे फोन असायचे टार्गेटचे. येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या गळ्यात विम्याची पॉलिसी मारा, असा एकूण मामला. फोन संपला की साहेब घोटभर पाणी प्यायचे आणि बाहेर येऊन म्हणायचे, "काही नाही, हवापाण्याच्या गप्पा."

"इतका वेळ, सर?" मी मुद्दाम विचारायची.

"त्यांच्याकडे हवा फार आहे, मॅडम."

बाकीच्या शाखांत मुली बाथरूममध्ये जाऊन रडायच्या. आमच्याकडे तसं कधी झालं नाही. साहेबांचं म्हणणं असं, की वरून आलेलं खाली सांडायचं नाही; मध्ये कोणीतरी भांडं धरायला हवं. "आणि भांडं भरलं की हो?" असं मी एकदा विचारलं. ते हसले. "मार्च एंडिंग होऊ दे. मग करू रिकामं."

सगळंच मार्च एंडिंगनंतर होणार होतं. रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी सुट्टी घ्यायला बजावलेलं. शमीमभाभींना महाबळेश्वरला न्यायचं कबूल केलेलं. पण मार्च संपायचा आणि एप्रिलमध्ये नवं, आणखी वाढीव टार्गेट यायचं. भाभी डब्यात गोळ्यांची पुडी ठेवायच्या, ती बरेचदा तशीच घरी परत जायची. एकदा त्या स्वतःच शाखेत आल्या आणि माझ्याशेजारी बसून म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या बँकेत बाराही महिने मार्चच असतो का हो?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

एकदा वारजे गावातले एक आजोबा आले. जमीन बिल्डरला गेलेली, आलेला पैसा ठेवीत टाकायचा होता. वरून स्पष्ट हुकूम होता, अशा माणसाला पॉलिसी दिल्याशिवाय सोडायचं नाही. साहेबांनी पॉलिसीचा कागद आजोबांसमोर ठेवला, थोडा वेळ बघत राहिले आणि परत उचलून घेतला. "आजोबा, हे तुम्हाला नको. साधी ठेव करा आणि घरी जा."

आजोबा उठले, पण दारातून मागे वळले. "सायेब, आमचं झालं चांगलं. पर तुमचं त्वांड का उतारलंय? बरं हाय नव्हं?"

"बरंय, आजोबा."

"काय बरं न्हाई," असं पुटपुटत म्हातारा गेला. आम्ही सगळे शिकलेसवरलेले रोज काचेतून त्यांच्याकडे बघत होतो. उतरलेलं तोंड दिसलं ते त्या एकट्याला. दुपारी त्याच पॉलिसीवरून फोन आला. साहेब उभे राहिले. बरंय, बरंय, सुरू झालं.

त्यानंतर आठवडाभरातच ते घडलं. भर सकाळची वेळ, काउंटरला रांग. साहेब नेहमीसारखे उभे, फोन कानाला, चेहरा हसरा. मी सहज वर पाहिलं. हसू अर्ध्याच चेहऱ्यावर होतं. अर्धा चेहरा खाली ओघळला होता.

मी आत धावले तेव्हा रिसीव्हर हातातून सुटून टेबलाखाली लोंबकळत होता आणि त्यातून झापणं चालूच होतं. साहेब टेबलाची कड धरून, हवेत बघत, थांबून थांबून म्हणत होते, "बरंय. बरंय." पलीकडच्या माणसाला काही कळलंच नव्हतं. कळणार कसं? उत्तर तर वेळेवर मिळत होतं!

जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. सगळी नाही. एक शब्द तेवढा राहिला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. जिभेवर घट्ट बसलेला एखादा शब्द मागे राहतो. राहून राहून राहिला तोही मेला हाच!

मी त्यांच्या घरी भेटायला गेले. भाभींनी विचारलं, "पाणी देऊ?" "बरंय." "उशी काढू? दुखतंय का?" "बरंय." भाभींनी उशी काढली. मला म्हणाल्या, "आता मी शब्द ऐकतच नाही, मॅडम. डोळे बघते. इतकी वर्षं शब्द ऐकत राहिले, तिथेच फसले."

बराच वेळ बसून मी उठले, आणि तोंडातून सवयीने गेलं, "बरंय सर, निघते." मेलं माझं तोंड! साहेबांनी डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. केवढी ताकद होती त्या हातात. ते जोरजोरात मान हलवत होते, नाही, नाही, नाही, आणि तोंडातून येत होतं, "बरंय, बरंय, बरंय." डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भाभींनी एकेक बोट सोडवलं आणि पदराने त्यांचं तोंड पुसलं.

त्याच पावसाळ्यात साहेब गेले. महाबळेश्वर राहिलंच.

आता त्या काचेच्या केबिनमध्ये मी बसते. पहिल्याच आठवड्यात वरून फोन आला. आवाज नवा, भाषा तीच. कोणाकोणाला रविवारी बोलवायचं, कोणाची रजा नाकारायची. बाहेर काउंटरवरची पोरं कामं करत होती, पण त्यांचं सगळं लक्ष काचेकडे होतं. बोलून झाल्यावर पलीकडून प्रश्न आला, "मग? बरंय ना, मॅडम?"

शब्द ओठांपर्यंत आला होता. मनगटावर ती बोटं जाणवली.

"नाही साहेब," मी म्हणाले. "बरं नाहीये."

पलीकडून झापणं सुरू झालं, ते कितीतरी वेळ चाललं. मी खुर्चीतून उठले नाही.