पराते मॅडमनी राखून ठेवलेला कागद

पराते मॅडम वर्गाच्या दारात उभ्या राहत आणि आत येणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्या कोपराकडे पाहत. नागपूरच्या कला महाविद्यालयातल्या माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझी बाही चिमटीत धरली. मी गोंधळून नमस्कार केला.

"नमस्कार मंग करजो. चेहरा तर कोनीबी धुऊन येते. बाही दाखव," त्या म्हणाल्या. कोपरावरची कडक घडी बोटाने दाबत त्यांनी विचारले, "इतकी इस्त्री काहून गा? काय लपवून राहिला?"

मी काय लपवत होतो, ते मला पक्के ठाऊक होते. माझे वडील लकडगंजमध्ये एका आरा मशीनवर फळ्या वाहत. फळी उजव्या खांद्यावर येई, म्हणून त्यांचा प्रत्येक शर्ट उजव्या खांद्यावर आधी विरे. आई तिथे रफू करी आणि काही महिन्यांनी तोच शर्ट आखूड होऊन माझ्या अंगावर येई. पितळी तांब्यात निखारे घालून मी तो रोज दाबून काढत असे. कापड सपाट झाले की रफू दिसत नाही, अशी माझी समजूत होती.

मॅडम कोष्ट्यांच्या घरच्या. माहेरच्या मागावर विणलेली बारीक काठाची सुती साडी त्या नेसत आणि तिला कधीही इस्त्री करत नसत. "सुताले त्याच्या मनानं बसू द्या," असे त्या म्हणत. त्या आम्हाला कापडाच्या चुण्यांचे रेखाटन शिकवत. कसे कपडे घाला, हे मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. तरीही दिवाळीपर्यंत वर्गातल्या इस्त्र्या थंड झाल्या. मुलींनी आयांच्या जुन्या सुती साड्या बाहेर काढल्या, मुले खादीचे चुरगळलेले सदरे घालू लागली. प्राचार्य एकदा वैतागून म्हणाले, "मॅडम, ही मुलं अंगावरच्या कपड्यांतच झोपतात का?"

"झोपत असतीन सर. पण वर्गात तर जागी दिसून राहिली ना?"

आज आम्ही सगळे पन्नाशी ओलांडून गेलो आहोत, पण एखाद्या लग्नाच्या झगमगाटात आमच्या वर्गातला माणूस मला अजूनही दुरून ओळखू येतो. त्याच्या अंगावर चुण्या असतात आणि त्यांची त्याला लाज नसते. मी तेवढा इस्त्रीचा राहिलो.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी एक काम दिले. घरात जो सगळ्यात जास्त राबतो, त्याचा एक कपडा आणायचा आणि तो काढायचा. "मानूस काढू नका. कपडाच काढा. पण पाहणाऱ्याले मानूस दिसला पाहिजे." मी रामदासपेठेतल्या, वर्गातल्याच सुधीर नावाच्या मित्राकडून त्याच्या वडिलांचा शर्ट मागून आणला. ते बँकेत अधिकारी होते. आठवडाभर खपून मी तो काढला.

मॅडम चित्राकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "हात चांगला आहे तुहा. पण हा खुर्चीत बसणाऱ्याचा शर्ट आहे. पाठीवरच्या आडव्या चुण्या पाह्य. पेनाच्या वजनानं खिसा खाली आला आहे. कोनाचा आहे?"

"वडिलांचा," मी म्हणालो.

त्यांची नजर माझ्या उजव्या खांद्यावर, रफूवर येऊन थांबली. "बरं. मंग त्याईचा दुसरा आण. तुहा कागद राखून ठेवते मी."

मी दुसरा शर्ट आणला नाही.

वर्षअखेरीच्या प्रदर्शनात भिंतीवर एका परिचारिकेची साडी होती, एका पोस्टमनचा कोट होता, कुणाच्या आजीचे लुगडे होते. आणि शेवटी एक कोरा कागद होता. त्याच्याखाली माझे नाव, आणि कोपऱ्यात मॅडमच्या हातचे पेन्सिलीने लिहिलेले वाक्य: 'शर्ट येऊन राहिला आहे.'

वडिलांना मी बोलावले नव्हते. माझ्या पिशवीतली पत्रिका वाचून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ते आपणहून आले. अंगात धुतलेला शर्ट होता आणि उजव्या खांद्यावर आईचे टाके होते. एकेक चित्र पाहत ते कोऱ्या कागदापाशी आले आणि त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचले.

"कुठून येऊन राहिला गा तुहा शर्ट?"

"धोब्याकडे आहे," मी म्हणालो.

"धोब्याकडे? आपन कधीपासून धोब्याकडे द्याले लागलो?"

मागे मॅडम उभ्या होत्या. त्यांनी वडिलांच्या खांद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या आता एक वाक्य बोलतील आणि सगळे उघडे पडेल, या भीतीने मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"पोरगं काही काढतच नाही का जी?" वडिलांनी विचारले.

मॅडमनी हात जोडले. "काढून राहिला ना जी. त्याले वेळ लागते. घाईचं काम नाही त्याचं."

वडील हरखले. 'आपला पोरगा घाई करत नाही, मॅडम म्हने,' हे ते पुढे कितीतरी वर्षे आल्यागेल्याला सांगत राहिले. मी दर वेळी मान खाली घालून ऐकत असे. त्यांना वाटे, मी लाजतो आहे.

मी नोकरीला लागलो. आता मिहानमधल्या एका कंपनीत वेष्टनांची सजावट पाहतो. वडील गेल्यावर काही दिवसांनी आईने त्यांचे शर्ट बोहारणीला देऊन स्टीलचा एक गंज, म्हणजे उभे पातेले, घेतला. मी कामावर निघालो होतो. दारात शर्टांचा ढीग पाहिला, वरच्या शर्टाचा खांदाही पाहिला, आणि बूट घालून निघून गेलो. आईला थांबवायला एक शब्द पुरला असता.

गेल्या वर्षी मॅडमना भेटायला गेलो. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांनी हात पुढे करून माझे कोपर चाचपले. "इस्त्री सुटली नाही गा तुही अजून." आणि मग, जणू काल सांगितलेले काम असावे तसे, "शर्ट आणला का?"

मी प्रथमच सगळे सांगितले: सुधीरच्या वडिलांचा शर्ट, धोबी, बोहारीण, गंज.

"तुह्या बापाचा खांदा मी आजबी काढला असता, डोळे असते तर," त्या म्हणाल्या. "पण तो तुले काढायचा आहे. गंज आहे ना घरी? मंग तोच समोर मांड. ट्रंकेत, साड्यांच्या खाली तुहा कागद आहे. घेऊन जाय. झालं की आणून दाखवजो."

"पण तुम्हाला दिसेल का?" माझ्या तोंडून निघून गेले.

"नाही दिसलं तर तू सांगशीन. आता तरी खरं सांगशीन."

कागद पिवळा पडला होता. चार रविवार मी स्वयंपाकघरात बसून तो गंज काढला. बुडाचा काळपटपणा, काठाचा पोचा, पोटावरच्या प्रतिबिंबात वाकडी झालेली खिडकी. पाचव्या रविवारी तो घेऊन जाणार होतो. शुक्रवारी सुधीरचा फोन आला, मॅडम गेल्या.

तेराव्याला मी तो कागद बरोबर नेला. अंगणात आमचा सगळा वर्ग होता, चुरगळलेल्या सुती कपड्यांत. सुधीरने माझ्या हातातला कागद उलगडून पाहिला. "हा तर गंज आहे गा."

"माझ्या वडिलांचा शर्ट आहे," मी म्हणालो. "लकडगंजला ते आरा मशीनवर फळ्या वाहत. खांद्यावर विरलेला असे. लाज वाटली, म्हणून मी तुझ्या वडिलांचा काढला होता."

सुधीरने कागद पुन्हा एकदा पाहिला आणि मॅडमच्या तसबिरीपाशी टेकवून ठेवला. कोपऱ्यातले पेन्सिलीचे वाक्य मी खोडलेले नाही.

आजही कुठल्याही दारातून आत शिरताना माझे कोपर आपोआप किंचित पुढे होते. मी क्षणभर थांबतो. मग आत जातो.