ठिपक्याठिपक्यांच्या बायनाबाई

धारूरच्या सत्यशीलाबाई आता सत्तरीच्या पुढे आहेत. १९८८ साली, शाळेत गणित शिकवत असताना, त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला. तो टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्राम टेपच्या कॅसेटवरून चढायचे. मग त्यांचे यजमान सुग्रीवराव यांनी पुण्याहून जुना डॉट मॅट्रिक्स, म्हणजे सुया ठोकून ठिपक्यांनी अक्षर उमटवणारा, प्रिंटर आणला आणि घराचा नूरच पालटला.

पहिल्याच दिवशी प्रिंटरनं कोरे कागद सरसर बाहेर फेकले. त्या काळी प्रत्येक प्रोग्रामला प्रत्येक प्रिंटरची भाषा वेगळी शिकवावी लागे. कॉम्प्युटर ‘अक्षर ठळक कर’ म्हणायचा. याला ऐकू यायचं ‘पान बदल’. बाईंनी माहितीपुस्तिका बघून आकडे जुळवले. इंग्रजी नीट उमटू लागलं.

“आता मराठी,” त्या म्हणाल्या.

“त्याच्या पोटात मराठी न्हाईच की,” सुग्रीवराव म्हणाले. इंग्रजी अक्षरं तेवढी कारखान्यातूनच भरून आली होती.

“न्हाई तर आपण घालू.”

बाईंना मॅटीच्या जाळीदार कापडावर चौकटी मोजून करायचं भरतकाम यायचं. तसंच त्यांनी चौकटीच्या कागदावर अक्षर भरलं. उभ्या रांगेतल्या आठ चौकटी मिळून एक आकडा. तो पाठवला की प्रिंटर तेवढे ठिपके मारी. दोघं जेवताना आकडे बोलू लागले. एकदा तर ‘ई’ जुळवायच्या नादात बाईंनी आमटीत साखर घातली, आणि सुग्रीवरावांनी ती मुकाट्यानं ओरपली.

पहिलं नाव सासूबाईंचं, बायनाबाई. प्रिंटर किंचाळला तशा बायनाबाई शेंगा पाखडायचं सूप हातात घेऊनच आत आल्या.

“हे कावून वरडायलंय गं?”

“तुमचं नाव लिहायलंय, आत्याबाई.”

नाव आलं, पण शिरोरेघ वर तरंगत होती, अक्षरं खाली, आणि मध्ये पांढरी पट्टी. बायनाबाईंना वाचता येत नव्हतं. पण तेवढं दिसलं.

“माझ्या डोक्यावरला पदर उडाला व्हय?”

सुग्रीवराव हसून भिंतीला टेकले. प्रिंटर दर फेरीनंतर कागद जास्त सरकवत होता. बाईंनी आणखी एक आकडा पाठवून ते सरकणं कमी केलं, आणि दुसऱ्या खेपेला रेघ अक्षरांना जाऊन चिकटली. बायनाबाईंनी कागदाच्या मागून बोट फिरवलं. ठिपके हाताला लागत होते.

“लई ग्वाड हाय,” त्या म्हणाल्या. “आता म्हशीचं कर.”

म्हशीचं झालं, शेजारच्या ताराबाईंचं झालं. गल्ली आत लोटली. शाईची फीत फिकी पडली तेव्हा सुग्रीवरावांनी तिला शिक्क्याची शाई पाजली आणि कोपरापर्यंत निळे झाले.

“मास्तरीणबाई, मालकांचं नाव घ्या की,” ताराबाई म्हणाल्या.

“मी न्हाई घेत. यंत्र घेईल.”

‘ग्री’साठी नव्या चौकटी भराव्या लागल्या; कोणी हललं नाही. मग प्रिंटरनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ‘सुग्रीव’ हाणला.

“एवढ्या मोठ्यानं नाव घेणारी बायको धारूरात दुसरी न्हाई,” सुग्रीवराव म्हणाले, आणि निळ्या हातांनीच तोंड झाकून घेतलं.