भुईआवळ्याचा रस

हे मी कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला तर माझी चोरून ओढलेली विडीसुद्धा कळायची. मग आता तुम्हाला का सांगतोय? खरंच ठाऊक नाही.

साठ साल उलटलं त्या सुमारास मी कळंबच्या शाळेत शास्त्र शिकवायचो. रक्ताभिसरण हा माझा हातखंडा धडा. झुरळाचं रक्त नळ्यांमधून फिरत नाही, अंगाच्या पोकळीत मोकळंच खेळतं, आणि ते लालही नसतं — एवढं म्हटलं की मुलं पुढे सरकून बसायची. मग माशाच्या हृदयाचे दोन कप्पे. बेडकाचे तीन, तिथे शुद्ध-अशुद्ध रक्त एकत्र येतं. पाखरांचे, गुरांचे आणि आपले चार. फळ्यावर लाल-निळ्या खडूनं सगळं काढायचो. आणि शेवटी, अगदी रुबाबात — माणसाचं रक्त माणसाला देता येतं, देणाऱ्याचं काही बिघडत नाही, थोड्याच दिवसांत भरून येतं.

जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या सोमलाचा मुलगा माझ्या वर्गात होता. सोमलाच्या बायकोला बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, तेव्हा तिला यवतमाळला नेलं. डॉक्टरांचं बोलणं गुरुजींना कळेल, म्हणून मलाही सोबत घेतलं. तिथे सोमलाचं रक्त जुळलं नाही. माझं जुळलं. त्याचा चेहरा असा उजळला — काय सांगू?

"गुरुजी, तुमीच तं पोट्ट्यायले शिकवता ना, रक्त देल्लं तं काई होत नाई म्हून!"

हो, मीच शिकवत होतो. पण ती काचेची बाटली, ती रबरी नळी पाहिली आणि मी वर दुमडलेली बाही पुन्हा खाली ओढली. डॉक्टरांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला — कधी कावीळ झाली होती का? कावीळ होऊन गेलेल्या माणसाचं रक्त ते घेत नसत, हे मला माहीत होतं.

मी हो म्हणालो.

नुसती भीतीच होती का ती? सोमलाच्या बायकोच्या जागी आमच्या हेडमास्तरांची बायको असती तर — तरी हो म्हणालो असतो? नसतो म्हणालो. याची मला लाज वाटते, भीतीपेक्षाही जास्त.

दुसरा माणूस मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. बाळ राहिलं, ती गेली.

त्याच वर्षी भादव्यात सोमला माझ्या दारात उभा. फडक्यात मुळासकट उपटून आणलेला भुईआवळा.

"कावीळ पलटून येते म्हंते, गुरुजी. जपा सोताले."

मग दरवर्षी, तो होता तोवर, आणत राहिला. लग्नाआधीची कावीळ असेल असं समजून बायको पाला वाटून रस काढायची आणि मी पेला रिकामा करीपर्यंत तो ओसरीवरून उठायचा नाही. कडू जहर. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचो आणि वर त्याला सांगायचो, यानं फार बरं वाटतं बघ.

मला कावीळ कधीच झाली नव्हती. आजतागायत झालेली नाही.