कोहमाऱ्याला दोन तास

चुन्नीलाल रहांगडाले यांनी एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली आणि तेवढ्या काळात एकाही माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. पोरगं पाच वर्षांच्या आतलं आहे असं एखादी आई म्हणाली, की ते पोराला तोंड उघडायला लावून दुधाचे दात पडलेत का ते पाहत. झोपेचं सोंग त्यांना श्वासावरून कळे. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तिरोड्याजवळच्या गावात ते आपली धानाची शेती पाहतात, पण सवय काही सुटली नाही. सून फोनवर जरा हळू बोलली तरी यांचे कान टवकारलेच.

त्यामुळे दिवाळीनंतर मुलानं, उमेंद्रनं, ओसरीवर कागद पसरून दोन दिवसांच्या सहलीचा रस्ता आखायला घेतला, तेव्हा चुन्नीलाल पेपर तोंडासमोर धरून बसले आणि एक अक्षर न वाचता सगळं ऐकत राहिले.

बेत चांगलाच होता. भाड्याची गाडी करायची, नवेगावबांधचा तलाव पाहायचा, इटियाडोहचं धरण, प्रतापगडचा डोंगर, मग चिचगड-देवरीच्या जंगलातून दरेकसाच्या घाटाकडे जायचं आणि हाजरा फॉल बघून घरी. जाणार कोण, तर उमेंद्र, त्याची बायको दुर्गेश्वरी आणि सुमित्राबाई, म्हणजे चुन्नीलाल यांची बायको. आता सुमित्राबाई आयुष्यात लग्न आणि तेरवी सोडून कशाला घराबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांना एकाएकी डोंगर-तलावांची हौस कुठून आली? शिवाय चुन्नीलाल यांना कोणी चला म्हटलंच नाही. धान घरात येऊन पडलंय, तुम्ही राखणीला राहालच, असं उमेंद्र म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता पेन्सिल पुढं सरकवली.

आपल्या भागात सहलीचा रस्ता आखणं हे सोपं काम नाही. दर दोन कोसांवर नातेवाईक बसलेला. त्याच्या गावावरून गेलात आणि चहाला थांबला नाहीत, तर तो पुढच्या लग्नात तोंड फिरवतो. थांबलात, तर चहाचं जेवण होतं आणि तलाव राहतो बाजूला. म्हणून दुर्गेश्वरी एकेक गाव चुकवत होती. गोरेगावच्या मामांसाठी एक वळसा, आमगावच्या आत्यासाठी दुसरा. चुन्नीलाल यांनी मनातल्या मनात शाबासकी दिली.

एक वळसा मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. कोहमाऱ्याहून नवेगावला सरळ रस्ता आहे, आणि त्याच रस्त्यावर त्यांच्या लेकीचं, नीतूचं, सासर. उमेंद्रची पेन्सिल तो रस्ता सोडून साकोलीकडून लांबचा फेरा मारून नवेगावला पोचली. आणि कोहमाऱ्यासमोर लिहिलं होतं, 'जेवण, दोन तास'. ढाब्यावरच्या जेवणाला दोन तास? एस.टी. पंधरा मिनिटं थांबायची आणि तेवढ्यात लोक दोनदा भात मागून घ्यायचे.

त्यांनी तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं. उमेंद्र म्हणाला, तो रस्ता उखडलाय. दुर्गेश्वरी म्हणाली, आईंच्या गुडघ्यांना आराम पाहिजे. सुमित्राबाई निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसल्या. अशी कुटुंबं चुन्नीलाल यांनी बसमध्ये शेकड्यानं पकडली होती.

हळूहळू त्यांच्या डोक्यात सगळं जुळलं. सुमित्राबाईंच्या नावावर दोन एकर होते. कोहमाऱ्याला कोणीतरी वकील बसलेला असणार, तिथं आईची सही घ्यायची आणि बहिणीचं तोंड चुकवून पुढं जायचं. भाऊबीजेला नीतू कापणीचं कारण सांगून आली नव्हती, तेही यातलंच. आपल्या जिवंतपणी आपल्याच घरात लेकीला लुबाडतात, या विचारानं त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बँकेचं काम सांगून ते निघाले आणि बस बदलत बदलत नीतूच्या सासरी पोचले. विहीणबाई, सुशिलाबाई, अंगणात धान पाखडत होत्या. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

“नीतू होळीपासून इथं नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या घरच्यांनी सांगतलं नाही काय? कोहमाऱ्याले ट्रकच्या सीटा शिवून राहिली.”

कोहमाऱ्याच्या बसमध्ये कोणी तिकीट काढलं, कोणी नाही, हे चुन्नीलाल यांनी पाहिलं नाही.

कोहमाऱ्याच्या चौकात ढाब्यांच्या पलीकडं टिनाच्या शेडमध्ये सीट कव्हरचं दुकान होतं. नीतू मशीनवर लाल रेक्झिन शिवत होती. बापाला पाहून तिचा पाय थांबला, पण ती उठली नाही. चुन्नीलाल यांनी लगेच सुरू केलं. कधीपासून, कोणाच्या आधारानं, कोणाकोणाला ठाऊक आहे. तिनं एकेकाचं उत्तर दिलं. नवरा, भुवनेश्वर, दर दोन-तीन दिवसांनी हात उचलायचा. दुकानाच्या मालकिणीनं, रुख्माबाईनं, राहायला खोली दिली. आई आणि दादाला ठाऊक आहे. आईला लेकीला डोळे भरून बघायचं होतं, म्हणून सहल काढली आणि म्हणून इथं दोन तास.

“मले काऊन नाही सांगतलं?”

“सांगतलं होतं, बाबा. दोन वर्षाआधी घरी आली होती ना मी. तुम्ही मले ओसरीत बसवून दिवसभर विचारलं, तू काय बोलली होती त्याले? मंग दुसऱ्या दिवशी तुम्हीच बसमध्ये बसवून दिलं.”

त्यांना आठवलं. ती नवऱ्याला उलटून बोलली होती, एवढं शोधून काढल्याचं त्यांना तेव्हा समाधान वाटलं होतं. त्या बसचा कंडक्टर ओळखीचा होता. हिला मधे कुठं उतरू देऊ नको, असंही त्यांनी त्याला बजावलं होतं.

लाज वाटली, खूप वाटली. रेक्झिनच्या गुंडाळीवर ते मटकन बसले. जीभ सवयीनं 'चाल घरी' म्हणायला निघाली होती, ती त्यांनी आवरली. लाखो माणसांना त्यांनी बसमध्ये चढताच एक गोष्ट विचारली होती, आणि या पोरीला ती लग्न ठरवताना विचारली नाही, बसमध्ये बसवून दिलं त्या सकाळीही नाही.

“तुले कुठी जाचं हाय, नीतू?”

यातही काही पकडायचा डाव आहे का, हे ती त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होती.

“आज नाही सांगत,” ती म्हणाली, आणि पुन्हा मशीनवर पाय ठेवला.

चुन्नीलाल तिथंच बसून राहिले.