कवितेतला मेंढका

“आन् मेंढ्या?” भानुदासरावांनी विचारलं.

“मेंढ्यांचं काय?”

“सोडल्या म्हनता ना तेनं. मंग गेल्या कुटं?”

इंग्रजी कविता शिकवण्यात माझी उभी हयात गेली, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. गाईडमध्येही त्याचं उत्तर नव्हतं. मी संगीताकडे पाहिलं. ती मांडीवर कोकरू घेऊन खाली मान घालून बसली होती. म्हणजे तिकडूनही मदत नव्हती.

संगीता माझी टी. वाय. बी. ए.ची विद्यार्थिनी. आमचं कॉलेज आष्टी तालुक्यात, कड्याच्या बाजूला. एका सहकारी साखर कारखान्याच्या संस्थेनं काढलेलं. त्या वर्षी दुष्काळ असा होता की कारखान्याचा हंगाम सुरूच झाला नाही. ऊसच नव्हता. कारखान्याच्या मोकळ्या यार्डात जनावरांची चारा छावणी उघडली आणि आमची निम्मी मुलं तिथंच राहायला गेली. गुरांजवळ कोणीतरी थांबायला हवं होतं. मी तिथं जाऊन वैरणीच्या गंजीला टेकून तास घेतले आणि पोर्शन कसाबसा पुढे ढकलला.

पण छावणी होती गाईबैलांची. मेंढ्यांना तिथं घेत नव्हते. भानुदासराव म्हणजे संगीताचे वडील. धनगर, त्यांचा कळप मोठा. गोदाकाठी गेवराईकडे थोडा हिरवा पाला मिळेल असं कळल्यावर त्यांनी वाडा हलवायचं ठरवलं. वाडा म्हणजे घोडी, बिऱ्हाड, कुत्री, कोकरं, असा सगळा फिरता संसार. संगीता वर्गात यायची थांबली. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, “मॅडम, ती बी चाललीय. परीक्षा सोडली तिनं.”

मी प्राचार्यांकडे गेले.

“फॉर्म भरलाय ना तिनं?” ते म्हणाले. “मग येईल परीक्षेला.”

“सर, गोदाकाठावरून कशी येईल?”

“तुम्ही एकेकीच्या मागे किती पळणार, मॅडम?”

मला अशा वेळी पटकन राग येतो. मी बाहेर पडले, काळीपिवळी पकडली, आणि दुपारी त्यांच्या वाड्यावर पोचले.

संगीताच्या आईनं घोंगडं अंथरलं, चहा टाकला. भानुदासराव मोजकं बोलणारे. मी समजावलं की शेवटचं वर्ष आहे, पोरगी हुशार आहे, थोडेच दिवस राहिलेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काय शिकिवता येवढं? सांगा की आमाला बी.”

इथं माझी अक्कल चालली. अभ्यासक्रमात एका मेंढपाळाची जुनी कविता होती. म्हटलं, हीच सांगावी. आपल्या धंद्याची कविता इंग्रजीत आहे हे ऐकून माणूस खूश होईल.

कविता अशी. एक मेंढपाळ टेकडीवर बसलाय. गावातली एक मुलगी त्याला आवडते, ती येत नाही. तो तिला म्हणतो, तुझ्यापायी मी कळप विसरलो, मेंढ्या आता कुठंही जावोत, माझी बासरीही मुकी पडलीय. मग वरच्या उतारावरचं गवत संपल्याचं सांगतो, एका लंगड्या कोकराचं सांगतो, एका म्हाताऱ्या मेंढीच्या खोकल्याचं सांगतो. गाईडात थीम दिली होती, ‘प्रेमाची उत्कटता’. थीम म्हणजे कवितेच्या पोटात काय आहे ते. वर्गातली मुलं एवढंच लिहितात आणि मार्क घेतात.

भानुदासरावांच्या कपाळाला आठी पडली. त्या आठीतूनच तो मेंढ्यांचा प्रश्न आला.

“अवो, मेंढका हाय का कोन हाय ह्यो?” ते म्हणाले. “दुष्काळात आमी पोटाला चिमटा घेऊन जित्राब जगिवतो. ह्यो पोरीपायी कळप मोकाट सोडतो. आन् हे तुमी पोरीस्नी शिकिवता?”

मी सावरायला गेले. म्हटलं, हा खरा मेंढपाळ नाहीच. त्या काळी तिकडं शहरातल्या, दरबारातल्या लोकांत मेंढपाळ होऊन कविता लिहायची रीत होती. तिला पॅस्टोरल म्हणतात. कवी वेगळा असतो, कवितेत बोलणारा वेगळा. त्याला आम्ही स्पीकर म्हणतो.

“म्हंजी मोठ्या लोकानी आमचं सोंग घेतलं,” भानुदासराव म्हणाले.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. संगीताची आई तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू येत होतं, पण पोरीची परीक्षा हातातून निसटत चाललीय हे दिसत होतं, त्यामुळे धड हसताही येईना.

तेवढ्यात संगीता बोलली. वर्गात ती फार बोलायची नाही. कोकराच्या पाठीवरून हात फिरवत, मान वर न करता ती म्हणाली, “आप्पा, तेनं मेंढ्या सोडल्याच न्हाईत.”

“बाई तर म्हनल्या सोडल्या.”

“तो म्हनतो तसं. पन इसरला असता, तर कंचं कोकरू लंगडतंय ते तेला कसं मालूम? म्हातारी मेंढी खोकतीय ते कसं मालूम? सगळा कळप तेच्या नजरंत हाय. तेला त्या पोरीला म्हनायचं हाय, मला एकट्याला निभत न्हाई, तू ये. ते तोंडातून निघंना, म्हनून मेंढ्यांचं सांगतोय.”

इतकी वर्षं मी ती कविता शिकवत होते. लंगडं कोकरू मी नेहमी ‘निसर्गवर्णन’ या मुद्द्याखाली सांगायची.

“तुमी बी तसंच करता, आप्पा,” ती पुढं म्हणाली. “आईवर रागावला की मेंढ्याला सांगता, आज भाकर लई कडक झालती बाबा म्हनून. आन् परवा मला वाड्यासंगं चल म्हनायचं व्हतं. मला तसं म्हनाला न्हाई. मेंढ्याला म्हनाला, अवंदा कोकरं लई झाली, कोन बघनार. म्हनून मी पिशवी भरली.”

आता हसणं थांबलं. संगीताच्या आईनं पदर खाली घेतला. भानुदासराव लेकीकडे बघेनात, माझ्याकडेही बघेनात. उगीच पागोट्याचा शेव खोचला. मग उठून चार पावलांवर बांधलेल्या थोरल्या मेंढ्याजवळ गेले आणि त्याच्या शिंगाशी हात ठेवून उभे राहिले. त्या क्षणी मला त्या माणसाविषयी फार माया वाटली. मी रागानं आले होते, तो राग कुठल्या कुठं गेला.

“ऐकलं का रं,” ते मेंढ्याला म्हणाले. “पोरीचा पेपर हाय म्हनं. मंग कोकरं घोडीवरच्या जाळीत बसवावी लागतील. पायी चालनारी तेवढी कुनीतरी बघावी.”

संगीताच्या आईनं जवळच्या कुत्र्याकडे तोंड केलं. “सांग बाबा तेन्ला, मी काय मेले का? मी बघीन.”

“पन पोरगी ऱ्हानार कुटं, काय की,” भानुदासराव मेंढ्यालाच म्हणाले.

एव्हाना रीत माझ्याही ध्यानात आली होती. मीही उठले, मेंढ्यासमोर जाऊन उभी राहिले. “संगीता माझ्या घरी राहील,” मी त्याला सांगितलं. “तेवढं यांना सांग.”

मेंढा ढिम्म उभा होता. भानुदासरावांनी मान हलवली. ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडा हलला. संगीता माझ्याकडे आली. पहिले दोन दिवस तिला घास गेला नाही, माझ्या घरात मेंढ्यांचा आवाज नाही म्हणून. नंतर रुळली. पेपरात तीच कविता आली. तिनं गाईड बाजूला ठेवून स्वतःचं लिहिलं, लंगड्या कोकरासकट. निकाल लागला तेव्हा सेकंड क्लास होता. गाईड पाठ करणाऱ्या दोघींना तिच्यापेक्षा जास्त मार्क पडले. मी चिडले. ती म्हणाली, “जाऊ द्या मॅडम, पास झाले की.”

वाडा परत आल्यावर भानुदासराव कॉलेजात आले. स्टाफरूमच्या दारात वहाणा काढल्या. संगीता शेजारी उभी होती. त्यांनी आधी तिच्याकडे नीट पाहिलं.

“सुनं सुनं लागलं तुज्याबिगर,” ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “फुडं काय शिकायचं असतं, बाई? ते बी सांगा.”

सगळी स्टाफरूम बघत होती. संगीता भिंतीकडे तोंड करून रडली. ती पुढं शिकली आणि आज एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते.

त्या वर्षापासून मी वर्गात थीम आधी विचारत नाही. बोलतंय कोण, कुणाशी, आणि जे म्हणायचंय ते सरळ का म्हणत नाही, एवढंच विचारते. मुलं कविता पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतात. मीही वाचते. पोर्शन त्यामुळे थोडा मागे पडतो.