बिननावाची मासोळी

करोल बागहून मेट्रोत माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ त्यांच्या मेलेल्या माशांची नावं सांगत होते. सांगताना त्यांचे डोळे भरून येत होते. खाऱ्या पाण्याच्या टाकीतले दोनच मासे वाचले होते. त्यांना दुकानदाराकडे ठेवून ते टाकी नव्याने सुरू करत होते. मांडीवरच्या पिशवीत एक निळी मासोळी होती. मी तिचं नाव विचारलं.

“इसका नाम नहीं रखा, बेटा. पहले इसको छोड़कर पानी देखेंगे. ये बच गई, तो उन दोनों को घर लाऊँगा.”

“और मर गई तो?”

“तो समझो, पानी अभी कच्चा है.”

आधी कोणाला मरायला पाठवायचं हे ठरवणारी माणसं निर्दय दिसतात, असंच मी आजवर समजत होतो.

मयूर विहार आलं. “भाईसाहब, धक्का मत दीजिए, मछली है,” म्हणत ते तिला छातीशी धरून उतरले.