सोजराबाईचा मिठाचा हात

पिंपळगाव राजाच्या खालच्या गल्लीत उन्हाळा लागला की घरोघरी गहू भिजायचे, आणि गहू भिजले की कुणीतरी दारात येऊन विचारायचं, "सोजराबाई कवा मोकळ्या हायेत?" कुरडयांचा चीक कुणीही घाटावा, साचा कुणीही दाबावा, बाजेवरच्या लुगड्यावर कुणीही घालाव्यात. पण आधणात मीठ टाकायचं ते सोजराबाईनं, अशी त्या गल्लीची रीत होती. ती कधी पडली हे आता कुणालाच आठवत नाही.

कुरडईच्या मिठाची गोम अशी, की ओला चीक चाखताना मीठ जरा कमीच लागलं पाहिजे. चीक वाळून आकसतो, मीठ मात्र घातलं तेवढंच राहतं. चाखताना जो बरोबर लागला तो तळल्यावर खारट झालाच म्हणून समजा, आणि वर्षाचा डबा मातीत गेला. आता 'जरा कमी' म्हणजे किती कमी, हे सांगून कुणाला कळलंय? सोजराबाई मुठीत मीठ घ्यायची, आधणात सोडायची, थेंबभर तळहातावर घेऊन चाटायची आणि म्हणायची, "हाव, जमलं." मग बाकीच्या बाया पुढच्या कामाला लागायच्या. तिचं माहेर लोणारकडचं. "खाऱ्या तळ्याची पोर ते, तिले मीठ काय शिकवता," असं गल्ली कौतुकानं म्हणायची, आणि ती वरवर रागवायची.

आता ती पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहे. नवरा उकंडराव मळ्यात मेथी, वांगी, कोथिंबीर पिकवायचा आणि ही खामगावच्या बाजारात बसून विकायची. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला अशी सुनवायची, की ते हसत हसत भाव देऊन जायचं. उकंडराव गेला, आणि मग एकेक काम तिच्या हातून सुटत गेलं. सुटलं कसलं, काढून घेतलं, पण अगदी मायेनं. मुलगा अविनाश म्हणाला, "आई, तुले आता ऊन सोसत नाही, मळ्यात नको येत जाऊ." मग बाजार गेला. सून प्रतीक्षा म्हणाली, "आई, गॅसपाशी नका येऊ, पदर पेटन एखाद्या वेळी." बरं, तांदूळ तरी निवडावेत, तर तेही निवडलेलेच यायला लागले. जो तो एकच सांगे, "लय केलं जिंदगीभर, आता निवांत बसा."

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला बसवायची भारी हौस. लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवतील, येता जाता पाया पडतील, आणि पंगत उठल्यावर आठवेल की अरे, म्हातारी तिथंच राहिली. याला आपण मान देणं म्हणतो. सोजराबाईला असा मान देऊन दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. तिच्याशी बोलताना लोकांचा आवाजही बदलायचा, रांगत्या लेकराशी बोलावं तसा चढा आणि लाडिक व्हायचा. "जेवल्या का आजी?" विचारायचे आणि उत्तराआधीच पुढे निघून जायचे. यापेक्षाही वाईट म्हणजे तिच्याशी कुणी भांडत नव्हतं. तिनं काहीही म्हणावं, समोरून 'हो आजी' ठरलेलं. एकदा तर तिनं मुद्दामच म्हटलं, "आता म्हणे शेगावची आगगाडी आपल्या गल्लीतून जाते." ऐकणारी म्हणाली, "हो का आजी? बरं झालं, सोय झाली." सोजराबाई त्या दिवशी जेवली नाही, आणि का जेवली नाही तेही कुणाला कळलं नाही.

राहिलं होतं ते फक्त मीठ. वर्षातले ते चार दिवस तिला बोलावणं यायचं, आणि त्या चार दिवसांच्या जोरावर ती बाकीचं वर्ष ढकलायची.

यंदा वैशाखात सारिकाकडे कुरडया होत्या. सारिका म्हणजे तीन घरं सोडून राहणारी, अविनाशच्या मित्राची बायको. सोजराबाई सकाळीच स्वच्छ लुगडं नेसून गेली. अंगणात चूल पेटलेली, प्रतीक्षाही मदतीला आलेली. चुलीवरचं पातेलं लहान दिसलं म्हणून तिनं विचारलं, तर सारिका म्हणाली, "यंदा थोड्याच करू म्हणलं आजी." तिनं मीठ टाकलं, चाटलं, आणखी चिमूटभर टाकलं आणि म्हणाली, "हाव, जमलं." सगळ्या बाया एकमुखानं "वा आजी" म्हणाल्या. आधणात चीक पडला, आणि मग ऊन चढायच्या आत घरी जा, असा सगळ्यांनी आग्रह केला.

आपल्या दारापर्यंत आल्यावर तिच्या लक्षात आलं की चष्मा सारिकाच्या ओट्यावरच राहिला. ती परत फिरली. कुडाच्या आडून तिला दिसलं ते असं, की प्रतीक्षा ते लहान पातेलं उचलून म्हशीच्या घमेल्यात ओतत होती, आणि सारिका आतून एक मोठा गंज, त्या पातेल्याच्या तिप्पट भांडं, घेऊन येत होती.

"पातेलंभर चीक वाया गेला ना पण," एकजण म्हणाली.

"जाऊ दे वं," प्रतीक्षा म्हणाली. "मागच्या वर्षी साऱ्या गल्लीच्या खारट झाल्या. त्याईले सांगावं कोणी? एवढंच तं राह्यलं त्याईले."

त्यावर कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. सगळ्याजणी खाली मान घालून कामाला लागल्या, घरात कुणी आजारी असल्यासारख्या. सोजराबाई चष्मा न घेताच परत गेली.

दुपारी तिनं प्रतीक्षाला सरळच विचारलं, "मागच्या वर्षीच्या कुरड्या खारट झाल्या होत्या काय वं?"

"नाई हो आई! मस्त झाल्या होत्या. कोण म्हणलं तुम्हाले?" प्रतीक्षा कणीक मळत राहिली.

अविनाशला विचारलं तर तो मोबाइलमधून वर न बघता म्हणाला, "आई, तू कायले डोकं लावते? आराम कर ना." संध्याकाळी सारिका चष्मा घेऊन आली, तिला विचारलं. तिनं सोजराबाईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आजी, तुमच्या हाताची चव कोणाले येते काय!" सगळी गल्ली अळीमिळी गुपचिळी करून बसली होती. वाईट कुणीच नव्हतं, हीच तर पंचाईत. वाईट माणसाला निदान जाब विचारता येतो.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना तिनं धान्याच्या कोठीमागे हात घातला. मागच्या वर्षीचा कुरडयांचा डबा तिथंच होता, काठोकाठ भरलेला, जसाच्या तसा. म्हणजे वर्षभर ताटात आल्या त्या विकतच्या. त्या तिला अळणी लागायच्या. तसं तिला सगळंच अळणी लागायचं, आणि तिला वाटायचं सुनेचा हात आखडता. तिनं गॅस पेटवला, डब्यातली एक कुरडई तळली आणि तिथंच उभ्यानं खाल्ली. तिला ती अगदी बरोबर लागली.

तेव्हा मात्र ती घाबरली. साठी बुद्धी नाठी, असं लोक म्हणतात. जिभेचं काय होतं ते कुणी म्हणून ठेवलेलं नाही. एक तर गल्ली खोटं बोलत होती, नाही तर आयुष्यभर जिच्यावर विसंबलो ती आपली जीभ. यातलं कोणतं खरं, ते तिला कळायला हवं होतं. खारट असेल तर खारट. एकदा कुणी तोंडावर सांगावं, ती आपल्या हातानं मिठाची मूठ खाली ठेवेल आणि सुनेला म्हणेल, बाई, आता तू बघ. पण आपल्याला खेळवलं जातंय हे माहीत असताना पुढच्या घरी जाऊन "हाव, जमलं" म्हणणं तिला जमणार नव्हतं. एक तरी माणूस असं हवं होतं, जे तिला लेकरू समजणार नाही.

असं माणूस एकच होतं. तिची थोरली जाऊ, झुंबरबाई. शेगावला मुलाकडे असायची. मुलगा हरिओमचं हारफुलांचं दुकान होतं. या दोघी एका चुलीवर होत्या तेव्हा पाण्यावरून भांडल्या, सरपणावरून भांडल्या, चुली वेगळ्या झाल्यावर सवड काढून भांडल्या. सोजरानं केलेली एकही गोष्ट झुंबरबाईनं कधी चांगली म्हटली नव्हती. गल्ली मिठासाठी सोजराला डोक्यावर घ्यायची तेव्हाही ती नाक मुरडून बसायची.

सोजराबाईनं डब्यातल्या मूठभर कुरडया तळून पिशवीत बांधल्या आणि महाराजांच्या दर्शनाला जाते म्हणाली. एवढं म्हटलं की आमच्याकडे पुढे कुणी काही विचारत नाही. अविनाशनं तिला एसटीत बसवलं आणि तिच्या डोक्यावरून कंडक्टरला सांगितलं, "आजीले खामगावले शेगावच्या गाडीत बसवून द्या."

"वय किती आजीचं?" कंडक्टरनं अविनाशला विचारलं.

"छ्याहत्तर," सोजराबाई म्हणाली.

कंडक्टर तरीही अविनाशकडेच बघत राहिला. अविनाशनं मान हलवली तेव्हा त्यानं फुकटचं तिकीट फाडलं. शेजारच्या पोरीनं तिला खिडकी दिली, पिशवी वर ठेवून दिली, आणि कानात तारा घालून डोळे मिटले. सगळ्या वाटेत तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. खामगावला ती स्वतःच गाडी बदलून बसली.

दुकानाच्या मागच्या खोलीत झुंबरबाई खाटेवर बसली होती. फार वाळली होती. डोळ्यांवर सायीसारखा पांढुरका पडदा आला होता. पाऊल वाजलं तशी ओरडली, "कोण ते?"

"मी, सोजरा."

"मेली नाहीस व्हय अजून?"

सोजराबाईला इतकं बरं वाटलं की ती तिथंच खाटेच्या काठावर टेकली. कित्येक महिन्यांत तिच्याशी कुणी माणसासारखं बोललं नव्हतं. तिनं काही न सांगता पिशवी सोडली आणि एक कुरडई झुंबरबाईच्या हातात दिली. झुंबरबाईनं ती चाचपली, तुकडा मोडला, दात नव्हते म्हणून तोंडात घोळवत बसली. सोजराबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. बाहेर दुकानात कुणीतरी हाराचा भाव करत होतं.

"कशी झाली बाई?" तिच्यानं राहवेना.

"कशी होईन?" झुंबरबाई म्हणाली. "मीठ कमी पडलं. तुले मिठाचं कधी जमलंच नाही. गावानं उगाच डोक्यावर चढवून ठेवलं तुले."

सोजराबाईचा ऊर भरून आला. कमी पडलं! खारट नाही, कमी! म्हणजे प्रतीक्षाच खोटी, सारी गल्लीच खोटी. तिला वाटलं आता पदर खोचावा आणि जुनं सगळं काढून मनसोक्त भांडावं. तेवढ्यात हरिओम पाणी प्यायला आत आला. "काकू, कवा आल्या?" म्हणत त्यानं पिशवीतली एक कुरडई उचलून तोंडात टाकली. क्षणभर त्याचा चेहरा पार आवळला, डोळे मिटले. मग दोघी म्हाताऱ्या समोर बसल्यात हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं तो घास कसाबसा गिळला, तांब्या तोंडाला लावून संपवला आणि म्हणाला, "फस्क्लास झाल्या काकू." आणि दुकानात निघून गेला.

झुंबरबाईला यातलं काही दिसलं नाही. ती दुसरा तुकडा घोळवत होती, आणि तिच्या तोंडावर ती जुनी जिंकल्याची ऐट होती. "बोलत काऊन नाहीस? म्या म्हणलं तेच खरं हाये का नाही? मीठ कमी हाये का नाही?"

सोजराबाईला आता सगळं कळून चुकलं होतं. स्वतःचंही आणि समोरच्या बाईचंही. तिनं सांगायला तोंड उघडलं, की बाई, तुह्याही जिभेत आता काही राह्यलं नाही. पण त्या पांढुरक्या डोळ्यांकडे आणि त्या ऐटीकडे बघून तिच्यानं बोलवलं नाही.

"हाव बाई," ती हळूच म्हणाली. "कमीच पडलं."

झुंबरबाईचं घोळवणं थांबलं. मग तिनं हात पुढे करून सोजराबाईचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"हाव?" ती म्हणाली. आवाजातला सगळा ताठा गेला होता. "तू कवापासून माह्या होले हो कराले लागली वं? घरातले करतात ते ठीक हाये. काय झालं मले? डाक्टर काही बोलला काय हरिओमजवळ? तू तरी खरं सांग, सोजरे."